बॅरिस्टरीची वाट

आपल्या विहारात, घरात, वस्तीच्या वाचनालयात बाबासाहेबांची तसबीर असते. कोट, टाय, डोळ्यांवर चष्मा, हातात ग्रंथ. खाली नाव लिहिलेलं असतं, आणि जुन्या तसबिरींवर नावाआधी बॅरिस्टर हा शब्द हमखास सापडतो. आपल्या आयाबायांना तो शब्द नीट म्हणता येत नव्हता. त्या बॅलिष्टर म्हणायच्या, पण म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. आपल्यातला एक माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाचा कायदा शिकून आला, एवढं त्यांना पुरेसं होतं.

पण बांधवांनो, हा शब्द बाबासाहेबांच्या नावाला लागला कसा, याचा आपण फारसा विचार करत नाही. बी.ए. झालेला मुलगा मुंबईतच एलएल.बी. होऊन वकिली करू शकला असता. अमेरिकेत तीन वर्षं होता, तिथंही कायद्याचं मोठं महाविद्यालय होतं. मग लंडनच का? ज्या ग्रेज इनचं नाव आपण चरित्रात वाचतो, ते नेमकं काय होतं? आज आपल्या वस्तीतली मुलंमुली कायद्याला कुठं अर्ज करायचा म्हणून विचारतात, तेव्हा ही हकिगत त्यांना माहीत असलेली बरी.

बडोद्याचा करार आणि न्यूयॉर्क

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथं झाला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक. मुलानं शिकलंच पाहिजे ही त्यांची जिद्द. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढं सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. घरचा आधार गेला.

त्याच वर्षी ४ जूनला बडोदा संस्थानाशी करार झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी करायची. हा करार ध्यानात ठेवा. पुढची सगळी धावपळ या मुदतीपायी झालेली आहे.

न्यूयॉर्कला त्यांनी अर्थशास्त्र मुख्य विषय घेतला. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. १९१५ साली एम.ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. पीएच.डी.चा प्रबंधही तयार झाला. पण कायद्याचा अभ्यास त्यांनी तिथं धरला नाही. अमेरिकेतली कायद्याची पदवी कितीही भारी असली, तरी त्या काळी हिंदुस्थानातल्या कोर्टात तिच्या जोरावर वकिली करता येत नव्हती. इथं राज्य इंग्रजांचं, कोर्टं त्यांच्या पद्धतीची, आणि सनद मिळण्याचे रस्तेही त्यांनीच आखलेले.

दोन वाटा

हे रस्ते मुख्यतः दोन होते. पहिला घरचा. बी.ए. झाल्यावर मुंबईत कायद्याचा अभ्यास करायचा, मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. घ्यायची आणि वकील व्हायचं. मुंबईचं सरकारी लॉ कॉलेज १८५५ पासून चालू होतं. खर्च कमी, घर सोडावं लागत नाही. पण या वकिलाचं काम मुख्यतः जिल्ह्याच्या कोर्टांत आणि हायकोर्टाच्या अपील शाखेत. मुंबई शहरातले मोठमोठे दिवाणी दावे हायकोर्टाच्या मूळ शाखेत चालत, आणि तिथं बॅरिस्टरांचा दबदबा होता.

दुसरा रस्ता लंडनचा. तिथं बॅरिस्टर करणाऱ्या चार जुन्या संस्था. लिंकन्स इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल आणि ग्रेज इन. चारही लंडनच्या एकाच भागात, एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर. यांतल्या कोणत्याही एकीचं सभासद व्हायचं आणि परीक्षा उतरायच्या, की बॅरिस्टर होता येई. गांधीजी इनर टेम्पलमधून झाले, जिना लिंकन्स इनमधून. चौघींत ग्रेज इन लहान.

या संस्थांची रीत आपल्या कॉलेजांपेक्षा फार वेगळी. वर्षाला चार टर्म. अशा बारा टर्म भरायच्या, म्हणजे साधारण तीन वर्षं. टर्म भरायची म्हणजे वर्गात हजेरी लावायची असं नाही, तर संस्थेच्या भोजनगृहात ठरलेल्या संख्येनं जेवणं घ्यायची. ऐकून हसू येतं, पण बॅरिस्टर मंडळींच्या पंगतीला बसून नवा माणूस त्या व्यवसायाच्या चालीरीती उचलतो, अशी त्यामागची समजूत. परीक्षा वेगळ्या. रोमन कायदा, करार, मिळकत, फौजदारी, पुरावा, सगळं आलं. वाचायचं ज्याचं त्यानं.

आपल्या दृष्टीनं या रीतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली अशी की दिवस मोकळा राहतो. इनचा सभासद असताना दुसऱ्या विद्यापीठात शिकायला आडकाठी नव्हती. दुसरी अशी की भरलेली टर्म हिशेबात जमा राहते. मध्ये खंड पडला तरी ती बुडत नाही.

गावात ज्याला पाण्याच्या ठिकाणी पाठीमागं उभं केलं जातं, त्याला इथं बॅरिस्टरांच्या सभागृहात पंगतीला बसून जेवावं लागणार होतं, आणि तेही नियम म्हणून.

१९१६ : लंडन

१९१६ च्या उन्हाळ्यात बाबासाहेब न्यूयॉर्कहून लंडनला आले. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव घातलं आणि त्याच सुमारास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या वरच्या पदव्यांसाठी प्रवेश घेतला. दोन्ही ठिकाणं जवळजवळ. ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालयही त्याच टापूत. गाडीभाडं वाचवणाऱ्या विद्यार्थ्याला पायी फिरून तिन्हीकडचं काम उरकता येईल असा हा भाग आहे.

बघा, त्या घडीला त्यांच्यापुढं काय काय होतं. अर्थशास्त्र सोडायचं नव्हतं, त्यात तीन वर्षं घातलेली. बडोद्याची मुदत वाढून वाढून वर्षभराची मिळालेली. पुढं दहा वर्षांची चाकरी ठरलेली. अशा वेळी कायदा शिकायचा तर तो हातातल्या अभ्यासाला जोडून शिकता आला पाहिजे, आणि त्याचं फळ स्वतःच्या नावावर राहिलं पाहिजे. संस्थानातली नोकरी महाराजांच्या मर्जीवर आणि दिवाणांच्या कागदावर. बॅरिस्टरची सनद ज्याची त्याची. ती कुणी बदली करून काढून घेत नाही.

आणि झालंही तसंच. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली, बडोद्याहून परत येण्याचं बोलावणं आलं. अभ्यास अर्धा, हातात पैसा नाही. लंडन विद्यापीठानं मात्र एक सोय दिली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आलात तर अभ्यास पुढं चालू करता येईल. ग्रेज इनमधल्या भरलेल्या टर्मही जमा होत्याच. पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली होती, ती बोट शत्रूनं बुडवली. माणूस २१ ऑगस्टला मुंबईला उतरला, पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. पण लंडनला ठेवलेली जागा शाबूत होती.

तीन वर्षांचा खंड

बडोद्याला काय झालं ते आपल्याला तोंडपाठ आहे. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक, पण राहायला शहरात घर मिळेना. पारशी वसतिगृहात नाव लपवून राहावं लागलं, आणि एक दिवस लाठ्या घेऊन माणसं दारात उभी राहिली. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकायचे. दोन खंडांतल्या विद्यापीठांत शिकलेल्या माणसाला पिण्याचं पाणी नीट मिळालं नाही. ते मुंबईला परत आले.

मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचं काम सुरू केलं. अशिलांना जात कळली तसं ते काम बंद पडलं. शिकवण्या केल्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राज्य अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आता पुरे, संसार बघू. इथं मात्र काटकसरीनं पैसा बाजूला पडू लागला. रमाईंनी परळच्या चाळीतला संसार कसा ओढला असेल, ते ज्यांनी अशा खोलीत दिवस काढले त्यांनाच कळेल. नवरा प्राध्यापक असून घरात सुबत्ता आली नाही, कारण प्रत्येक रुपयावर लंडनचं नाव लिहिलेलं होतं.

चार वर्षांची मुदत सरत चालली होती. १९२० च्या मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. पारशी मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं. काही स्वतःची शिल्लक. असा तीन ठिकाणचा पैसा गोळा करून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. मुदतीच्या आत पोहोचले.

उरलेलं पुरं केलं

या खेपेला वय २९. पाठीशी घर, कर्ज आणि जानेवारीत काढलेलं मूकनायक. लंडनमध्ये पोट मारून अभ्यास. सकाळी घरमालकिणीकडची थोडी न्याहारी, दिवसभर म्युझियममध्ये वाचन, रात्री भूक लागली तर भाजलेले पापड. १९२१ साली एम.एस्सी. झाले. १९२१-२२ या काळात ते १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं आणि तिथं स्मारक केलं. जाणाऱ्यांनी जरूर बघावं.

१९२२ साली ग्रेज इननं त्यांना बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्याच वर्षी दिला, त्यात दुरुस्त्या सांगितल्या गेल्या, त्या करून १९२३ अखेर डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती यायला १९२७ उजाडलं, कारण प्रबंध आधी छापायला हवा होता आणि छपाईला पैसा लागतो. म्हणजे बघा, १९१६ साली सुरू केलेली बॅरिस्टरी पुरी व्हायला सहा वर्षं लागली. धडाक्यात शिकणाऱ्याला ती तीन वर्षांत होते. हा उशीर बुद्धीचा नव्हता, पैशाचा होता.

सनद हातात आली, पुढं?

एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब परतले. हायकोर्टात सनद घ्यायला फी भरावी लागते, आणि तेवढीही रक्कम हातात नव्हती. पुन्हा नवल भथेनाच धावून आले. त्या वर्षी वकिली सुरू झाली.

आणि इथं एक गोष्ट मुलांनी नीट समजून घ्यावी. मूळ शाखेत अशील थेट बॅरिस्टरकडं जात नसे. मध्ये सॉलिसिटर असे. तो ज्याला कागद देईल त्याला काम. मुंबईच्या सॉलिसिटरांच्या पेढ्या साहेबांच्या आणि वरच्या जातींच्या. त्यांनी या बॅरिस्टराला काम दिलं नाही. म्हणजे ज्या दारासाठी लंडन गाठलं, ते दार उघडलं खरं, पण उंबऱ्यावर जात बसलेली होतीच. पदवीनं जात गळून पडत नाही.

मग त्यांनी मुंबईबाहेरच्या कोर्टांतली कामं घेतली, अपिलं घेतली, गरिबांचे दावे चालवले. संसाराला हातभार म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत अशिलांपेक्षा गाऱ्हाणी घेऊन येणारी माणसंच जास्त असायची. १९२६ मध्ये पुण्याला देशाचे दुश्मन या पुस्तकाचा खटला गाजला. केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर, केशवराव बागडे यांच्यावर बदनामीची फिर्याद. बाबासाहेबांनी बचाव केला आणि आरोपी सुटले. ब्राह्मणेतर चळवळीतली मोठी माणसं आपल्या बचावासाठी एका अस्पृश्य बॅरिस्टराकडं आली, हे लोकांनी बघितलं. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या समाजस्वास्थ्य मासिकाचा खटलाही त्यांनी चालवला. तो हरले, पण बाजू सोडली नाही.

महाडचं तळं आणि दहा वर्षांचा दावा

कायद्याचं खरं मोल कळलं ते महाडला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते आपण दरवर्षी आठवतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. सवर्णांनी कोर्टात दावा लावला की तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तिथं येऊ न देण्याची जुनी वहिवाट आहे. डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहासाठी हजारो माणसं जमली, तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम पुढं आला. जमाव तयार होता. बाबासाहेबांनी पाण्यावर जाणं थांबवलं आणि दावा लढायचं ठरवलं. त्या दिवशी माणसांना केवढं जड गेलं असेल!

दावा खालच्या कोर्टात चालला, अपिलात गेला, शेवटी मुंबई हायकोर्टात. निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. वहिवाट शाबीत होत नाही, असं कोर्टानं ठरवलं. दहा वर्षं लागली, पण तळ्याचा हक्क कुणाच्या दयेनं मिळालेला नाही, कोर्टाच्या निकालानं मिळालेला आहे. पुढं संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आला आणि १७ व्या कलमानं अस्पृश्यता रद्द झाली. महाडच्या माणसाला ते कलम वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शिकलेल्यानं शिकवलं

मुंबईत राहून ज्या सरकारी लॉ कॉलेजात ते विद्यार्थी होऊ शकले असते, तिथं १९२८ मध्ये ते प्राध्यापक म्हणून गेले आणि १९३५ ते १९३८ प्राचार्य झाले. कोलंबियात त्यांनी कायदा घेतला नव्हता. त्याच कोलंबियानं १९५२ साली त्यांना कायद्यातली सन्मान्य डॉक्टरेट, एलएल.डी., दिली. मधल्या काळात ते देशाचे कायदामंत्री झाले होते आणि मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून संविधानाचं काम पार पडलं होतं.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं मला सगळ्यात मोठी वाटते ती १९५६ ची गोष्ट. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. आणि १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, प्रकृती साथ देत नसताना, मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झालं. आज ते फोर्टात आनंद भवनात आहे. हायकोर्ट तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. स्वतःला सात समुद्र ओलांडावे लागले, कर्ज काढावं लागलं, सहा वर्षं लागली. मागून येणाऱ्या पोरांना तेवढं लांब जावं लागू नये, म्हणून कॉलेजच कोर्टाजवळ आणून ठेवलं. ६ डिसेंबरला ते गेले.

आपल्या मुलांसाठी

आज काळ बदललाय. १९६१ च्या कायद्यानं वकिलांचा एकच वर्ग झाला. बॅरिस्टर आणि वकील हा जुना भेद संपला. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, महाराष्ट्रातच मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन. त्यांच्यासाठी क्लॅट, इतर कॉलेजांसाठी राज्याची सीईटी. शाहू महाराजांच्या नावानं परदेशी शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्तीही आहे.

अर्ज भरताना नुसतं मोठं नाव बघू नका. बाबासाहेबांच्या आयुष्यावरून काही प्रश्न आपसूक निघतात, ते स्वतःला विचारा. या पदवीनं सनद मिळते ना? त्या कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आहे ना? फी, खोली, जेवण धरून शेवटच्या वर्षापर्यंत पैसा पुरेल का, आणि मध्येच कमी पडला तर ती संस्था थांबते का, की केलेलं सगळं बुडतं? ज्या कोर्टात उभं राहायचं, तिथली भाषा, तिथली माणसं यांच्याशी गाठ पडते का? उंबऱ्यावर कुणी अडवलं तर दुसरं कोणतं कोर्ट गाठायचं, याचीही तयारी ठेवा.

आणि पालकांनो, पोरगं एखाद्या वर्षी अडलं, पैसा कमी पडला, घरी परत आलं, तर त्याला संपलं म्हणू नका. बाबासाहेबही १९१७ मध्ये अर्धवट शिक्षण घेऊन परत आले होते. तीन वर्षांनी पुन्हा गेले आणि पुरं करून आले. मध्ये शाहू महाराज होते, नवल भथेना होते, आणि परळच्या खोलीत रमाई होत्या. आपल्या विहारातल्या प्रत्येकानं एका मुलासाठी यांतली एक जागा घेतली, तर पुढच्या वर्धापनदिनापर्यंत वस्तीतून एक तरी वकील उभा राहील.

जय भीम.